नमुना परत मिळत नाही

सकाळी उठल्यावर मी आधी नवऱ्याला झाडून गोळा करते, मग चहा ठेवते. उलटं करून चालत नाही. चहाच्या वाफेने तो ओलसर होतो, फरशीला चिकटतो, मग उलथण्याने खरवडावा लागतो, आणि खरवडून काढलेला माणूस दिवसभर चिडचिड करतो.

रात्री दौलत माणूस म्हणूनच झोपतो. पहाटे कधीतरी सुटतो. बाजेवर, बाजेखाली, पेटीच्या मागे, माझ्या केसांतसुद्धा बारीक राखी धूळ होऊन पसरतो. त्याला झाडायला जुना फडा घ्यायचा. नवा टोचतो असं तो म्हणतो. कोपऱ्यांकडून मधोमध यायचं, घाई करायची नाही, शिंकायचं नाही. सगळं सुपात भरलं की खरं काम सुरू होतं, कारण सुपात एकटा दौलत नसतो. रात्रभरात दाराखालून, खिडकीच्या फटीतून कंपनीची धूळ आलेली असते आणि त्याच्यात मिसळून निवांत पडलेली असते, जशी काही ती या घरची सूनच.

नवरा आणि कंपनी वेगळे करायला माझ्याकडे लोहचुंबक होतं, जुन्या रेडिओच्या भोंग्यातलं. आमच्याकडची कंपनी लोखंड करते, त्यामुळे तिची धूळ चुंबकाला चिकटते. दौलत चिकटत नसे. चुंबक सुपावरून फिरवलं की त्याला काळ्या मिशा फुटायच्या. त्या मी झटकून नालीत टाकायची. उरलेला दौलत बाजेवर ओतायची, डोकं उशीकडे, पाय भिंतीकडे. बोटांनी नाक नीट करायची. लग्नात होतं त्यापेक्षा मी ते जरा सरळच ठेवलं आहे, त्याने अजून तक्रार केलेली नाही. मग वरून पाण्याचा हात शिंपडायचा. तो उठून बसायचा.

"काय वो, झाला का चा?" म्हणायचा.

आमची टोली, म्हणजे वस्ती, रेल्वे फाटकाच्या पलीकडे, कंपनीच्या भिंतीला टेकून आहे. त्या भिंतीच्या आत दौलतने अर्धं आयुष्य भट्टीपाशी काढलं. त्याचा खोकला वाजायला लागला तेव्हा त्याला घरी बसवलं. वाजायला म्हणजे खरंच वाजायला, पाण्याच्या पितळी गुंडावर पळी आपटल्यासारखा. त्यानंतर तो सुटू लागला. टोलीत असे आणखी आहेत. शेजारच्या कांताबाई चुनारकरची सासू तर दिवसाढवळ्या सुटते, म्हणून तिला धान्याच्या कोठीत ठेवतात. झाकण काढलं की म्हातारी आधी सुनेला शिव्या देते आणि मग देवाचं नाव घेते.

सवय झाली होती आम्हाला. माणूस सकाळी जमतो, दुपारी जेवतो, संध्याकाळी ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याची चेष्टा करतो; यापेक्षा जास्त कोणाचा नवरा काय करतो?

यंत्र आलं ते कपड्यांमुळे. वाळत घातलेले कपडे संध्याकाळी दोरीवरून उतरून आपले आपण उभे राहायला लागले होते, इतके धुळीने ताठ. पोरांचे गणवेश पोरांशिवाय अंगणात उभे. बायकांनी मिळून तक्रार केली आणि जिल्ह्याच्या ठिकाणाहून, हवेच्या ऑफिसातून, अलोणे साहेब आले. पांढराशुभ्र शर्ट, वरच्या बटणापर्यंत लावलेला. मागे दोन माणसं, त्यांच्या खांद्यावर लोखंडी पेटीसारखं यंत्र. टोलीत स्लॅबचं घर आमचं एकट्याचं, बाकी सगळी टिनाची, म्हणून ते आमच्या डोक्यावर बसवलं.

"हे हवा ओढतं, बाई," साहेब म्हणाले. "हवेतली धूळ या पांढऱ्या कागदावर बसते. आधी कोऱ्या कागदाचं वजन, नंतर भरलेल्या कागदाचं. मधला फरक म्हणजे तुमची धूळ."

"अन मंग?"

"मग अहवाल."

"अन मंग?"

"मग पुढचा कागद."

दौलत शिडी धरून उभा होता. "साहेब, ते धूळ पाह्यून ओढते का कोनतीबी ओढते?"

"यंत्राला काय कळतंय, काका. सगळीच ओढतं."

"म्हंजे सरकारीच हाय," दौलत म्हणाला. साहेब हसले नाहीत. चहा दिला तो त्यांनी कपावर तळहात धरून प्यायला.

त्या रात्री यंत्र गुरगुरत राहिलं. सकाळी मी दौलतला झाडला, निवडला, ओतला, पाणी शिंपडलं. तो उठून बसला आणि उजव्या मनगटाकडे पाहत राहिला. पुढे काही नव्हतं.

"पाह्य ना वो, पेटीखाली असन," तो म्हणाला.

मी पेटी हलवली, गादी झटकली, केस विंचरून कंगवा सुपावर आपटला. अंगठ्याच्या नखाएवढाही मिळाला नाही. मग साहेब कागद न्यायला आले, त्यांच्या मागे मी वर चढले, आणि हात तिथे होता. कागदाच्या मधोमध, पाचही बोटं उघडी, राखी. पहिलं बोट वाकडं, भट्टीच्या सळईने वाकवलेलं.

"साहेब, हा हात आमचा हाय."

साहेबांनी चिमट्याने कागद उचलला. "हा नमुना आहे."

"नमुना तुमचा, हात आमचा. झटकून द्या. मी सूप आनते."

"नमुना परत मिळत नाही, बाई," ते म्हणाले, आणि दौलतचा हात पाकिटात घालून पाकिटाला जीभ लावून बंद केलं.

यंत्र आठवड्यातून दोनदा चालायचं, ठरलेल्या वारी. ते वार कंपनीला आमच्या आधी माहीत असायचे. यंत्राच्या दिवशी चिमणीला उपास असे. सकाळपासून धुराचा एक दोरा निघायचा नाही. टँकर येऊन रस्त्यावर पाणी मारायचे, कंपनीची माणसं शिड्या लावून झाडाचं एकेक पान फडक्याने पुसायची. दुसऱ्या दिवशी चिमणी उपास सोडायची आणि दोन्ही दिवसांचं एकदम जेवायची. आम्ही दारं लावून बसायचो. यंत्र मात्र तेव्हा झोपलेलं असायचं.

त्यामुळे यंत्राच्या रात्री टोलीच्या हवेत दौलतखेरीज दुसरं काही नसायचंच. कांताबाईची सासू कोठीत सुरक्षित. बाकीचे सुटणारे लांबच्या गल्लीत. यंत्र आमच्याच डोक्यावर, त्याचं तोंड आमच्याच खिडकीवर. ते दौलतलाच ओढायचं. मी मच्छरदाणी लावली, दाराला ओली चादर लावली, खिडकीच्या फटीत कणीक भरली. तरी एकदा गुडघ्याची वाटी गेली. एकदा कानाची पाळी. एकदा सगळं जागच्या जागी होतं, मोजून घेतलं, आणि मग तो आंघोळीला गेला आणि मोरीतून नुसता पाण्याचा आवाज आला. त्याची शीळ गेली होती. ती कशी मागायची साहेबांकडे? तिला आकार तरी काय सांगायचा?

मला राग आला की मी भाकरी थापते. त्या दिवसांत आम्ही भाकरी फार खाल्ली. दौलत डाव्या हाताने जेवायचा आणि म्हणायचा, "एवढ्या जोरानं थापू नको वो, खालचे लोक उठतीन." खाली जमीनच आहे आमच्या.

अशात दसरा आला. दोन दिवस आधी कांताबाई कुंपणावरून वाकली.

"शेवंता वयनी, उद्या खंडेनवमी. तुमच्या डोक्यावर एवढं मोठं मशीन बसून हाय, त्याची पूजा नाही कराची का?"

"त्यानं माया नवऱ्याचा हात खाल्ला."

"म्हनूनच सांगून रायली. इतके दिवस राबते बिचारं, कोनी कुकू लावलं नाही त्याले. माया शिलाई मशीनले मी उद्या हात लावत नाही. चुनारकर सायकलवर बसत नाही. अवजाराले एक दिवस आराम द्या लागते. देऊन तर पाहा. अवजार बी माणसासारखंच असते वो, कोनी इचारलं नाही की चावते."

तिचं म्हणणं मला पटलं. अजूनही त्यात काही चुकीचं दिसत नाही, आणि तोच तर संताप आहे.

खंडेनवमीला आम्ही गल्लीतल्या सगळ्या बायका स्लॅबवर चढलो. नेमका यंत्राचा वार. चिमणी उपाशी, आकाश निळं. आम्ही यंत्राचं बटण बंद केलं. चिंच लावून घासलं, पाण्याने धुतलं, पुसलं. साहेबांनी आधीच ठेवलेला कोरा कागद आत होता, त्याला हात लावला नाही, परक्याची वस्तू. यंत्राला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, आणि ज्या तोंडाने ते हवा ओढायचं त्या तोंडावर झेंडूचा घसघशीत हार घातला. कांताबाईने त्याला पेढासुद्धा दाखवला. यंत्र गप्प उभं होतं. आंघोळ घातलेल्या म्हाताऱ्यासारखं दिसत होतं, जरा लाजल्यासारखं.

दसऱ्याच्या सकाळी दौलत अख्खा जमला. म्हणजे हात, वाटी, पाळी वगळून जेवढा होता तेवढा अख्खा. काही म्हणजे काही कमी झालेलं नव्हतं. मी दोनदा ओतून पाहिला.

"आता दोन दोन डाव काहून ओतून रायली? मी का ताक हाय?" तो म्हणाला.

आम्ही त्या दिवशी श्रीखंड आणलं.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. शिडीच्या शेवटच्या पायरीवर त्यांना हार दिसला आणि ते थांबले. मी खाली उभी राहून बोलणी खायची तयारी करत होते. त्यांनी हार काढला, पेटी उघडली, कागद बाहेर घेतला. कागद कोरा होता. एक ठिपका नाही. साहेबांनी तो उन्हात धरला. चिमटा खिशात ठेवला आणि कागद दोन्ही हातांत घेतला, बाळंतिणीच्या खोलीतून मूल बाहेर आणतात तसा.

"बाई," ते म्हणाले, "यालाच म्हणतात हवा."

"साहेब, यंत्र बंद होतं. पूजा होती."

"तुम्ही त्यात पडू नका."

महिनाभरात टोलीच्या तोंडाशी निळी पाटी लागली. टोलीची हवा स्वच्छ असून, कंपनीला दुसरी चिमणी उभारण्यास हरकत नसावी. हरकत असणाऱ्यांनी जनसुनावणीला यावे. आमच्या दारावर वेगळा कागद होता. तो मी उभ्याने वाचला, मग बसून वाचला. स्वच्छ दिवसाशी तुलना करता इतर दिवशी सापडलेली धूळ घरगुती स्वरूपाची आहे. तिचा उगम सदर घरातील इसम दौलत पिंपळशेंडे हा आहे. उघड्यावर साठवलेली धूळ ताडपत्रीने झाकून ठेवावी व तिच्यावर दिवसातून दोन वेळा पाणी मारावे.

ताडपत्री सोबत होती. हिरवी, नवी कोरी, कंपनीतर्फे सप्रेम भेट.

कांताबाई येऊन माझ्याशेजारी बसली. तिने तोंडात धरलेला पदर काढला. "मीच म्हनलं होतं वो, हार घाला."

"अन घातला कोनं?"

"आपन पूजा केली, वयनी. पूजाच केली ना? का आपन येडे हो?"

दौलत आतून म्हणाला, "अवो, ताडपत्री चांगली हाय. पावसाळ्यात कामी येईन." मला त्याचा राग आला. मग तो उजवं मनगट ताडपत्रीवरून फिरवत होता ते दिसलं, जसं काही पुढे बोटं आहेत आणि त्यांना कापडाचा पोत कळतो आहे. मग मला त्याचा राग आला नाही. बाकी सगळ्यांचा आला.

मी चुंबक पिशवीत घालून एसटीने हवेच्या ऑफिसात गेले. तिथल्या खिडक्या उघडत नाहीत, हवा नळीतून येते. अलोणे साहेबांनी मला बसवलं, पाणी दिलं. मग उठून भिंतीतला एक लांब खण ओढला. खणात दौलत होता. एकेका कागदावर एकेक, अंतर ठेवून: हात, वाटी, पाळी. एक कागद कोराच दिसत होता, पण कान जवळ नेला की त्यातून आंघोळीची शीळ यायची.

"पाहा," साहेब म्हणाले, "किती व्यवस्थित आहेत. घरी एवढी काळजी घेता का तुम्ही?"

"साहेब, मले तो परत पायजे."

"आणि एक सांगतो. तुम्ही घाबरून जाल म्हणून कोणी सांगत नाही. प्रत्येक कागदावरचा तुमचा नवरा मर्यादेत आहे."

"म्हंजे?"

"म्हणजे एका दिवसात एवढा माणूस गेलेला चालतो."

"कोनाले चालते?"

साहेबांनी जरा विचार केला. "चालतो," ते म्हणाले.

मी चुंबक काढलं. म्हटलं, याला जे चिकटते ते कंपनीचं, नाही चिकटत ते माया घरचं. तुमच्या डोळ्यादेखत दाखवते.

"प्रमाणित आहे का हे?"

"रेडिओतलं हाय."

मी ते हाताच्या कागदावर धरलं. हात हलला. पाचही बोटं कागदावरून उठली, वाकड्या बोटासकट, आणि त्यांनी चुंबक पकडलं. घट्ट. मी ओढलं तर ते सोडेनात. ओळखीची पकड होती. जत्रेच्या गर्दीत तो मला असाच धरायचा.

"दिसलं?" साहेब म्हणाले, आणि खण लोटला. चुंबक आतच राहिलं.

मी ऑफिसच्या पायऱ्यांवर बसले. दौलतचा हात चुंबकाला चिकटत होता. मग त्याचं बाकीचं अंगही चिकटत असणार. मग मी रोज सकाळी निवडून, झटकून नालीत टाकत होते, ते काय होतं?

समोर एक माणूस ऑफिसच्या बागेतली पानं पुसत होता. "मावशी, तब्येत बरी नाही का?" त्याने विचारलं. मी त्याला हो म्हटलं. दुसरं काय सांगणार.

दुसऱ्या दिवसापासून मी निवडणं सोडलं. चुंबकच नव्हतं, आणि असतं तरी माझा हात धजला नसता. जे झाडून निघेल ते सगळं बाजेवर ओतायला लागले. नालीच्या कडेचा वाळलेला गाळसुद्धा खरवडून आणला आणि ओतला. दौलत वाढायला लागला. आधी खांदे भरले, मग मान. रंग राखीचा काळा झाला आणि काळ्यात चकाकी आली. चौथ्या का पाचव्या दिवशी बाजेची दोरी तुटली. तो फरशीवर झोपायला लागला आणि फरशी खचली. खोलीत आम्ही दोघं मावेनासे झालो. मी चुलीपाशी निजायची, मग चुलीपाशी बसून निजायची, मग भिंतीला टेकून उभी निजायची. त्याचा श्वास आत जाताना घराचं दार आपोआप लागायचं, बाहेर येताना उघडायचं.

चेष्टा बंद झाली होती. आवाज घंटेच्या आतून यावा तसा यायचा.

"शेवंते, सुनावनी कधी हाय?"

"मंगळवारी. तुमी जाऊ नका. तिथं पंखे असतीन. वारा लागला तं दिवसाच सुटसान, मंग मी कुठी कुठी झाडू?"

"मी बोलतो."

"मी बोलते ना. मले येते बोलता."

"नाव मायं हाय त्या कागदावर," तो म्हणाला. त्याला परत मिळवायचं हे एकच माझ्या डोक्यात होतं, आणि तो मात्र जायच्या तयारीत होता.

मंगळवारी तो दारातून तिरका निघाला. चौकट त्याच्या खांद्याला लागून थोडी बाहेर आली. टोली त्याच्या मागून चालली. त्याची पावलं डांबरात उमटत होती आणि पोरं त्यांत उड्या मारत होती.

कंपनीच्या मैदानात पांढरा मंडप होता. चारी बाजूंनी कनाती गुंडाळून वर बांधलेल्या, दोन्ही अंगांना माणसाच्या उंचीचे पंखे. मंचावर साहेबलोक, सगळे पांढऱ्या शर्टात, प्रत्येकासमोर पाण्याची बाटली. मधले मोठे साहेब. टोकाला अलोणे साहेब, आणि त्यांच्या बाजूला आमचं यंत्र, टेबलावर, झेंडूचा ताजा हार घातलेलं. कंपनी आता त्याला रोज हार घालते म्हणे.

पुकारा झाला. दौलत माइकसमोर उभा राहिला. पंखे त्याच्यावरून फिरले आणि त्याच्या कानशिलावरून धुळीची एक रेघ निघून मंडपात गेली. मी मनातल्या मनात ती कुठे पडते ते पाहून ठेवलं.

"नाव सांगा," मोठे साहेब म्हणाले.

"दौलत गनपत पिंपळशेंडे." नावासोबत त्याच्या पाठीचा एक पापुद्रा गेला.

"राहणार?"

"तुमच्या भिंतीले लागून." गुडघे धुरकट झाले.

"विषयाला धरून बोला. थोडक्यात."

"थोडक्यातच बोलतो. तुमची भट्टी मी पेटवली. तुमची चिमनी उपास धरते अन मले गिळते. ते धूळ मी इतके वर्षं तुमची म्हनून घेतली, कोनाले काही बोललो नाही. आता तुमी म्हनता ते धूळ माया घरची हाय." तो थांबला. मंचावर कोणीतरी बाटलीचं झाकण फिरवत होतं. "बरं. माया घरची तं माया घरची. मंग माया घरचं घ्याले लाजता काहून? घ्या."

"घ्या ना, साहेब," तो म्हणाला, आणि सुटला.

एकदम सुटला, भर दुपारी, उभ्या उभ्या. आवाज झाला नाही. पंख्यांनी त्याला उचललं आणि मंचाकडे नेलं. मी ओरडले. कांताबाई माझ्याआधी धावली होती. तिने मंडपामागच्या जनरेटरची वायर दोन्ही हातांनी उपटली. पंखे मंदावले, थांबले. माइक मेला. बाहेरून वाऱ्याची झुळूक आली तशा गल्लीतल्या बायका चारी बाजूंना पळाल्या आणि कनातींच्या गाठी सोडल्या. कापडं धपाधप खाली पडली. मंडप बंद झाला.

आत हवा जागची हलत नव्हती, आणि तिच्यात दौलत होता. मंचावर, खुर्च्यांवर, आमच्या सगळ्यांच्या डोक्यांवर आडवा पसरलेला, छातीएवढ्या उंचीवरून छतापर्यंत, आणि तरी आकार त्याचाच. मी सरळ केलेलं नाक ओळखू येत होतं. तो अगदी हळू खाली येत होता. धूळ बसते, बसतेच. मला हे काम येतं. कोणी त्याला आत ओढलं नाही, तर संध्याकाळपर्यंत तो मंडपात अंथरलेल्या या सतरंजीवर येईल आणि मी त्याला कणाकणाने घेऊन घरी जाईन.

"श्वास घेऊ नका," मी म्हटलं. त्यात माझा होता नव्हता तेवढा श्वास गेला. "कोनीच घेऊ नका."

सांगायची गरज नव्हती. टोलीतल्यांनी माझ्यासाठी नाकाला पदर आणि गमछे लावले होते. मंचावरच्यांनी स्वतःसाठी ओठ मिटले होते, गच्च, जुलाबाचं औषध नको म्हणणाऱ्या मुलांसारखे. मोठे साहेब टेबलाची कड धरून बसले होते. कोणाला उठता येत नव्हतं, कारण उठलं की हवा हलते. दौलत त्यांच्या भुवयांवर बसायला लागला होता. त्यांच्या शर्टांवर, पाण्याच्या बाटल्यांवर, हारातल्या एकेका पाकळीवर. कांताबाईच्या छातीत काहीतरी वाजत होतं आणि ती ते दोन्ही हातांनी दाबून धरत होती.

मी अलोणे साहेबांकडे पाहत होते. ते माझ्याकडे पाहत होते. त्यांचा चेहरा आधी लाल झाला, मग जांभळा. डोळ्यांतून पाणी आलं आणि गालांवरच्या दौलतमधून दोन स्वच्छ रेघा उतरल्या. मी मान हलवून नको म्हटलं. त्यांनीही मान हलवली, समजल्यासारखी. त्यांच्या गळ्याशी कापड ताणलं गेलं, शर्टाचं वरचं बटण तुटून टेबलावर घरंगळलं.

त्यांच्या नाकपुड्या हलल्या. माझ्याही.